माझा ड्वार्फ हॅमस्टर सारखं पाणी पितोय. डायबेटिस असेल का? घरी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की बाटली दोन दिवसांत संपते, भुसा एका कोपऱ्यात कायम ओला असतो आणि दुकानदार म्हणतो, "उन्हाळा आहे, पिणारच." डायबेटिस असू शकतो. पण भुसा भिजतोय म्हणून पाणी मात्र कमी करू नका. मी तेच केलं होतं, त्याचं अजून वाईट वाटतं. लघवीतून साखर जाताना सोबत पाणी ओढून नेते. ते भरून काढायलाच तो पितो. बाटली काढली तर एवढासा जीव रात्रीत कोरडा पडतो.

आमच्या हॅमस्टरचं नाव बत्तासा. मुलानं ठेवलं, पुढचं माहीत असतं तर काकडी ठेवलं असतं. मला पहिली शंका आली ती मुंग्यांमुळे. रोज सकाळी पिंजऱ्याच्या त्याच ओल्या कोपऱ्यात काळ्या मुंग्यांची रांग. सासूबाईंना स्वतःला वीस वर्षं शुगर. त्या बघून म्हणाल्या, "अगं, ह्येला माझाच रोग झालाय की!" लघवीला मुंग्या लागणं ही मधुमेहाची खूण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतही आहे. पण नुसत्या मुंग्यांवर जाऊ नका, लपवलेल्या खाऊलाही त्या लागतात. आमच्याकडे दोन्ही होतं. भुसा उपसला तर खाली गुळाचे चार खडे, पाघळून भुशाला चिकटलेले. शाहूपुरीच्या बाजारातून भेली आली की आमच्या घरी पहिला खडा देवाला आणि दुसरा बत्ताशाला, असं चाललं होतं म्हणे.

आता मोजायचं कसं ते. हॅमस्टर साधारण 100 ग्रॅम वजनामागे दिवसाला 10 मिली पाणी पितो, म्हणजे 40 ग्रॅमच्या ड्वार्फला 4 मिलीच्या आसपास. बाटलीवर पट्टी चिकटवून रोज एकाच वेळी रेघ मारा. तशीच दुसरी बाटली पिंजऱ्याबाहेर टांगा. ती जेवढी गळेल तेवढं वजा करा, नाहीतर गळकी बाटली आणि आजारी हॅमस्टर यांतला फरक कळत नाही. बत्ताशाचा आकडा 14-15 मिली यायचा. किचनच्या काट्यावर वाटी ठेवून दर दोन दिवसांनी वजनही करा. खाणं तेवढंच आणि वजन घटतंय, हे जास्त काळजीचं.

मग पट्टी. मेडिकलमध्ये लघवीतली साखर आणि कीटोन (साखर वापरता येईना की शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारं द्रव्य) तपासायच्या पट्ट्या मिळतात, माणसांच्याच. धुऊन कोरड्या केलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात भुसा न घालता त्याला दहा-पंधरा मिनिटं ठेवा. बहुतेक वेळा तो तिथेच थेंबभर करतो. पट्टी त्यात बुडवा आणि डबीवर लिहिलेत तेवढेच सेकंद मोजून रंग जुळवा. निरोगी हॅमस्टरच्या लघवीत साखर दिसत नाही. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या लगेच दमट होऊन खोटं सांगतात. घरच्या ग्लुकोमीटरसाठी त्याला टोचू मात्र नका. एवढ्याशा अंगात रक्त तीनेक मिली.

साखर दिसली तरी डॉक्टरांकडे जायचंच, आणि नाही दिसली तरी जायचं. जास्त पाणी मूत्रपिंडाच्या आजारातही पितात, मादीमध्ये गर्भाशयात पू झाला तरी पितात. आपल्याकडे जनावरांचे डॉक्टर म्हशी आणि कुत्र्यांत गुंतलेले असतात, म्हणून आधी फोन करून "हॅमस्टर बघता का?" विचारा. पाण्याची वही सोबत न्या. आमच्या डॉक्टरांनी सगळ्यात आधी तीच वाचली.

खाण्याबद्दल थोडक्यात: फळं, गाजर, मका, वाटाणा, मधाच्या कांड्या आणि दुकानातल्या मिक्समधले रंगीत तुकडे बंद. मेथी, कोथिंबीर, काकडी, उकडलेल्या अंड्याचा कण चालतो. मेथीनं साखर उतरते म्हणून औषधासारखी कोंबू नका, ती पाला म्हणूनच द्या. बदल आठवडाभरात हळूहळू करा, एकदम केला तर जुलाब लागतात. उपाशी तर अजिबात ठेवू नका. चाक फिरवायला हवंच. आणि त्यानं कोपऱ्यात साठवलेला जुना माल शोधून काढा, नाहीतर पथ्य तुमचं आणि खाणं त्याचं!

सासूबाईंची गोळी मोडून द्यायचा विचार आमच्या घरातही निघाला होता. साठ किलोच्या माणसाची गोळी 40 ग्रॅमच्या जिवाला द्यायची तर तिचा दीड हजारावा भाग कोण मोडणार? आणि मोडला तरी औषध तेच लागतं असं नाही. डॉक्टर सांगतील तेच.

दोष मात्र सगळा गुळावर टाकू नका. कॅम्पबेल्स ड्वार्फ आणि चायनीज हॅमस्टर या जातींत हा आजार आईबापांकडूनच येऊ शकतो. चायनीज हॅमस्टरमधला आनुवंशिक मधुमेह अमेरिकेतल्या संशोधकांनी 1959 सालीच नोंदवला होता. म्हणून अशा हॅमस्टरला पिल्लं होऊ देऊ नका.

बत्ताशानं पथ्यावर सात महिने काढले. शेवटी डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, तरी चाक सापडायचं त्याला. सासूबाई आता त्यांच्या वाट्याचा खडासुद्धा लपवून खातात.

तुमचा हॅमस्टर थंड पडला, झोकांड्या खायला लागला, खाणं सोडलं किंवा अंगाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर पट्टी-बिट्टी सोडा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. तसं काही नसेल तर तीन दिवसांचं पाणी आणि वजन खाली लिहा, मग बघू.