मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायला कोणतं पुस्तक चांगलं?

ते पुस्तक घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की कोकणात केळशीच्या बाजूला संध्याकाळी सहावी-सातवीच्या 15 मुलांना फुकट इंग्रजी शिकवता, आणि दुकानदाराने 'सगळ्या भारतात चालतं' असं सांगून गुळगुळीत पानांचं एक रंगीत पुस्तक दाखवलंय. सगळ्या भारतात चालतं म्हणजेच ते केळशीसाठी लिहिलेलं नाही. हे मी इतक्या ठामपणे का सांगतेय ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

हर्णैजवळच्या एका हायस्कुलात मी 26 वर्षं इंग्रजी शिकवलं. सरकारी पुस्तक वर्गात होतंच. 2009 साली त्याच्या जोडीला एका खाजगी प्रकाशकाचं वर्कबुक लागलं. कसं लागलं ते विचारू नका. मुंबईहून एक गृहस्थ बॅग घेऊन आले, हेडसरांच्या खोलीत दोनदा चहा गेला आणि जूनमध्ये पावसाबरोबर गठ्ठे उतरले.

सातवीच्या वर्कबुकात चौथा धडा होता 'ऍट द फिशमाँगर्स', म्हणजे मासेवाल्याच्या दुकानात. चित्रात पांढऱ्या एप्रनमधला गोरा माणूस, संगमरवरी ओटा, त्यावर ओळीने कॉड, हॅडॉक आणि सॅमन. आता माझा वर्ग डोळ्यांसमोर आणा. निम्मी मुलं बंदरावरच्या घरांतली. त्यांच्या आया लिलावाच्या वेळी टोपल्या घेऊन वाळूत उभ्या असतात आणि हात न लावता सांगतात की मासा कालचा आहे. मासे विकणारा म्हणजे बाप्या, ही कल्पनाच त्या वर्गाला विनोदी वाटली. मुलं हसली, मी दटावलं, इथूनच माझं चुकायला सुरुवात झाली.

"बाई, कॉड म्हणजे?" मी म्हटलं, थंड पाण्यातला मासा. "हॅडॉक?" तोही थंड पाण्यातलाच. मी स्वतः दोन्ही कधी पाहिले नव्हते, खाल्ले तर नव्हतेच. "आणि सॅमन?" पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ दिले होते, म्हणून मी सुटले. वाचून दाखवलं, सॅमन म्हणजे रावस.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बाप मोठ्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. "बाई, हा रावस नाय."

"पुस्तकात छापलंय."

"मग ह्याचे दोरे कुठं?"

कसले दोरे ते मला कळेना. मी शाकाहारी घरातली, लग्न होऊन इकडे आलेली. तो फळ्यापाशी आला, खडू घेतला आणि मासा काढला. कल्ल्यामागे खालच्या बाजूला दाढीसारखे लोंबणारे चार बारीक दोरे काढले. म्हणाला, गढूळ पाण्यात ह्यांनीच चाचपतो. वर्ग 'हो हो' करत होता. माझ्या हातातल्या चित्रातल्या माशाला एकही दोरा नव्हता.

घरी जाऊन विचारलं, मग जरा वाचलं. मुलगा बरोबर होता. रावसाला हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर 'इंडियन सॅमन' म्हणतात ते नुसतं नाव. सॅमन वेगळ्याच कुळातला, थंड समुद्रातून अंडी घालायला नदीत चढणारा. रावस त्याचा लांबचा नातेवाईकही नाही, इंग्रजीत त्याच्या कुळाला थ्रेडफिन म्हणतात. म्हणजे पोराने जे दोरे दाखवले ते इंग्रजी नावातच बसलेले. शब्दार्थ लिहिणाऱ्याने तो मासा ताटात पाहिला असेल, बाजारात नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटून ठेवलं आणि फळ्यावर मुलांनी सांगितलेले मासे लिहिले. पापलेट पॉम्फ्रेट, बांगडा मॅकरेल, तारली सार्डिन, माकूल स्क्विड, शेवंड लॉबस्टर, मोरी शार्क. मोरीला वर्ग थरारला. रोज कालवणात खातो तो सिनेमातला शार्क? मग बोंबील. बॉम्बे डक म्हटल्यावर पाच मिनिटं काही ऐकूच येईना. बदक कुठून आलं, त्याला पाय आहेत का, अंडी देतं का. त्या गोंधळात मुलं 'डझ इट हॅव लेग्ज' असं आपणहून म्हणाली. जूनपासून मी तेच वाक्य घोकून घेत होते.

पुस्तक घेऊन मी हेडसरांकडे गेले. त्यांनी ते उघडलंही नाही. म्हणाले, "बाई, परीक्षेत पुस्तक येतं. बंदर येत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. पुढच्याच धड्यात जुलैच्या सुट्टीत समुद्रावर वाळूचे किल्ले बांधणारी मुलं होती. जुलैत! आपल्याकडे 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, समुद्र असा की आई पोराला किनाऱ्यावर फिरकू देत नाही. पण तेही 'पुस्तकात आहे'.

तरी खरं सांगायचं तर कॉड आणि वाळूचे किल्ले हे वरवरचं दुखणं. परक्या गोष्टी वाचाव्यात, मी त्याविरुद्ध नाही. असल्या पुस्तकांचा खरा दोष हा की मूल मराठीत विचार करतं याचा त्यांना पत्ताच नसतो. एक 'हॅव' घ्या. माझ्याकडे बर्फ आहे. मला दोन भाऊ आहेत. होडीला दोन इंजिनं आहेत. माझी एक होडी आहे. तिला ताप आहे. मराठीत कुठे 'कडे', कुठे 'ला', कुठे 'माझी', आणि इंग्रजीत सगळीकडे 'हॅव' किंवा 'हॅज'. बरं, 'मला' दिसलं की 'आय हॅव' असा नियम करावा, तर मला भूक लागली म्हणजे 'आय ऍम हंग्री', मला मराठी येतं म्हणजे 'आय नो मराठी', मला जायचंय म्हणजे 'आय वॉन्ट टू गो'. मुलं 'टू मी टू ब्रदर्स आर' लिहितात ते मठ्ठ म्हणून नव्हे, मराठी पक्की आहे म्हणून. वर्कबुकात 'हॅव'ला अर्धं पान, रिकाम्या जागा भरा, बारा काळांचा तक्ता मात्र चार पानी.

तीच गत नकारार्थी प्रश्नांची. 'तू काल आला नाहीस ना?' याला आपण 'हो, नाही आलो' म्हणतो. इंग्रजीत तिथे 'नो, आय डिडन्ट'. माझे विद्यार्थी इंटरव्ह्यूत यावरच अडकतात, आणि हे एकाही वर्कबुकात मी पाहिलं नाही. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात पहिला येतो, पेढे वाटले जातात. त्यातलीच मुलं बोटीवर नोकरीला गेली की पहिल्या महिन्यात फोन करतात, बाई, समोरचा काय बोलतो तेच कळत नाही. 2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहा वर्षं शिकून ही अवस्था.

मग मी स्वतःच आठ पानं लिहिली आणि दापोलीला झेरॉक्स काढून वाटली, पैसे माझे. बंदरावर आधीच वावरत असलेले इंग्रजी शब्द गोळा केले. इंजिन, डिझेल, वायरलेस, लायसन्स, जीपीएस, फायबर, एक्सपोर्ट, कोळंबीचा 'काउंट'. शब्द मुलांचे, मी फक्त वाक्यं जोडली. वी हॅव नो आइस. द इंजिन इज नॉट स्टार्टिंग. हाऊ मेनी बास्केट्स डू यू हॅव? काउंट म्हणजे किलोत किती कोळंब्या बसतात ते, कमी बसल्या म्हणजे कोळंबी मोठी. त्यावरून एका मुलीने 'द काउंट इज लेस, सो द प्राइस इज मोअर' असं केलं. 'लो' आणि 'हाय' हवं होतं, पण मी दुरुस्त केलं नाही. वाक्य तिचं होतं आणि हिशोब बरोबर होता.

पालकसभेत एकाने तक्रार केली की बाई मुलांना पुन्हा मासेच विकायला शिकवतात. हेडसरांनी माझी पानं गोळा करून कपाटात ठेवली. त्या पालकाचा राग मी समजू शकते. ज्याला पोराला बंदरातून बाहेर काढायचंय त्याला इंग्रजीतही बंदर दिसलं तर टोचणारच. हेडसरांचा राग मला कधीच समजला नाही. परीक्षेचा पेपर शाळेतच निघत होता, शिक्षकच काढत होते. त्यात बंदर आणायला कोणाची परवानगी लागत होती? सर, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच सांगा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पैसे खर्च करू नका. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट उतरवता येतात, ती पुरेत. त्यातला धडा निम्माच घ्या आणि उरलेला वेळ मुलांच्या तोंडची मराठी वाक्यं इंग्रजीत फिरवण्यात घालवा. तरीही पुस्तक घ्यायचंच असेल तर दुकानात उभ्या उभ्या 'हॅव'चं पान उघडा. तिथे मराठीची अडचण ओळखलेली दिसली तरच पाकिटाला हात घाला. व्याकरण शिकवूच नका असं मी म्हणत नाही, तसा अर्थ काढू नका.

आणि एक गोष्ट लपवत नाही. त्या वर्षी माझ्या सातवीचे घटक चाचणीचे मार्क खाली आले. पेपर वर्कबुकातून निघाला होता आणि मी दोन धडे टाकले होते. तुमच्या मुलांची परीक्षा जिथे आहे तिथला पेपर आधी बघून घ्या.

निवृत्तीच्या दिवशी शिपायाने ती पानं कपाटातून काढून दिली. हवी असतील तर सांगा, फोटो पाठवते. फक्त तिसऱ्या पानावर स्क्विडच्या स्पेलिंगमध्ये यू राहिलाय, तो घालून घ्या.