‘लिटल निमो’ ही जुनी चित्रमालिका आजही लोक का बघतात? नव्याने वाचायची तर कशी?

खरी गंमत चौकटींत आहे. अमेरिकन चित्रकार विन्सर मॅके यांची ही पानभर रंगीत मालिका, निमो नावाच्या छोट्या मुलाला पडणाऱ्या स्वप्नांची, ऑक्टोबर १९०५ पासून ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या रविवारच्या अंकात यायची. २६ जुलै १९०८ चं पान बघा: पलंगाचे पाय लांबत जातात तशा चौकटीही उंच होतात, आणि पलंग चक्क इमारतींवरून चालू लागतो. शेवटच्या चिमुकल्या चौकटीत निमो जागा होतो, नेहमीप्रमाणे.

मोबाइलवर निम्मी मजा जाते. मूळ पान साधारण १६ बाय २१ इंचांचं, त्यामुळे छोट्या पुस्तकात संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लागतच नाहीत. (तशीही ती कोंबलेलीच, संवाद ही मॅकेंची कच्ची बाजू.) आधी अख्खं पान बघा, मग वाचा. सुरुवातीच्या पानांत चौकटींखाली मजकूर आहे, तो खुशाल सोडा.