वरचा खलबत्ता, खालची झोप

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत पहिल्या मजल्यावर राहतो. माझे मिस्टर रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येतात, आठला झोपतात. साडेआठला वरच्या काकूंचा खलबत्ता सुरू होतो. आधी आलं-लसूण, मग शेंगदाण्याचा कूट. दिवसाआड घरघंटी. एकदा वैतागून मी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, तर वरून दुप्पट जोराने ठोकलं गेलं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, तर ‘मग बंगला घ्या’ असं उत्तर आलं आणि त्यावर सहा अंगठे. पोलिसांत तक्रार करावी का?

उत्तर : ताई, करून उपयोग होणार नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. रात्री साडेअकराला कोणी स्पीकर लावला, तर 112 ला जरूर फोन करा. पण सकाळी साडेआठनंतर कूट करणाऱ्या बाईला पोलीस काय सांगणार? सोसायटीच्या उपविधींत ‘इतर सभासदांना उपद्रव होईल असं वागू नये’ असं असतं, त्यावर कमिटी पत्र देऊ शकते. मी ठाण्यात नऊ वर्षं सेक्रेटरी होते, अशी पत्रं स्वतः टाइप केली आहेत. पत्र गेलं की आवाज आठवडाभर थांबतो आणि बोलणं वर्षभर.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मिस्टर रात्रपाळी करतात हे तुम्ही मला पहिल्याच दोन ओळींत सांगितलंत. काकूंना कधी सांगितलंत, ते मात्र कुठेच सापडलं नाही. तुमच्या घरातली रात्र सकाळी आठला सुरू होते, हे त्यांना कळणार कसं? त्यांच्यापर्यंत पोचला तो झाडूचा दांडा.

आता माझाच गुन्हा सांगते. आमच्याकडे घरघंटी आली तेव्हा ती मी हौसेने स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवली होती. महिन्याभराने खालचे आजोबा आले. तक्रार नाही, आवाज चढवणं नाही. म्हणाले, “सूनबाई, यजमानांना गिरणी लावायला सांगा आणि तुम्ही पाच मिनिटं खाली चला.” मी खाली जाऊन त्यांच्या कॉटवर बसले. वर गिरणी सुरू झाली आणि त्यांच्या मांडणीतले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागले. गुरगुर कानांनी नाही, कॉटच्या लोखंडातून मांड्यांना कळत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर माझ्या घरात ती गिरणी नुसती घूं घूं करायची हो!

याचं कारण साधं आहे. टीव्हीचा आवाज हवेतून येतो, दार-खिडकी लावली की बराच कमी होतो. खलबत्त्याचा ठोका थेट स्लॅबमध्ये शिरतो, तिथून बीम आणि भिंतींत. म्हणून कोणी ‘फॉल्स सीलिंग करून टाका’ म्हणालं तर पैसे घालवू नका; छत झाकलं तरी भिंतींतून उतरणारा आवाज उतरतोच. इलाज वरच्याच घरात करावा लागतो. शिवाय बत्ता ज्याच्या हातात, त्याला पुढचा ठोका कधी पडणार ते ठाऊक असतं. खाली झोपलेला माणूस त्याची वाट बघत जागा राहतो.

आम्ही गिरणी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आणि जुन्या स्लिपरा कापून चारही पायांखाली दुहेरी रबर घातलं. खर्च शून्य. पेले गप्प झाले. खलबत्त्याखाली जाड रबरी मॅटचा तुकडा आणि त्यावर चौपदरी गोणपाट, एवढ्याने ठोक्याची धार जाते. तो तुकडा तुम्हीच घेऊन जा. रिकाम्या हाताने जाऊ नका आणि मिस्टर घरी असतील अशा सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जा. काकूंना पाच मिनिटं खाली बोलवा, त्यांच्या सुनेला किंवा मुलाला वर कुटायला सांगा. घरघंटीची वेळ दुपारी चारनंतरची मागा. कूट आदल्या संध्याकाळी करून ठेवता येतो. आलं-लसूण ताजंच हवं म्हणाल्या तर तेवढं सोडून द्या. आणि झाडूबद्दल आधी माफी मागा. ग्रुपवर मात्र एक अक्षर लिहू नका, तिथे अंगठेवाल्या सहा जणांचं काही जात नाही.

प्रश्न : आमच्या वरचा फ्लॅट दोन वर्षं बंद आहे. तरी रात्री गोट्या पडल्यासारखा टकटक आवाज येतो. सासूबाई घाबरल्या आहेत.

उत्तर : सासूबाईंना आधी पाइप दाखवा. पंप थांबला की झडप बंद होते, धावतं पाणी एकदम अडतं, पाइपला धक्का बसतो आणि सैल क्लिपेत तो भिंतीवर आपटतो. चार-पाच रात्री आवाजाची वेळ लिहून ठेवा आणि वॉचमनला पंप बंद करण्याची वेळ विचारा. दोन्ही जुळल्या तर प्लंबरला क्लिपा आवळून आत रबर घालायला सांगा. जुळल्या नाहीत तर पुन्हा लिहा, मला उत्सुकता आहे.