क्रेझीहाउस सुरू करताय? आधी हे वाचा

लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर क्रेझीहाउस हा बुद्धिबळाचा वेगळा प्रकार उघडलात, छान केलंत. इथे मारलेला मोहरा मरत नाही. रंग बदलून तुमच्या खिशात येतो आणि पुढे कधीही, एका चालीच्या बदल्यात, रिकाम्या घरात उभा करता येतो. प्याद्याला मात्र पहिली आणि आठवी रांग बंद.

म्हणून मारामारी करताना गुण मोजत बसू नका, समोरच्याच्या हातात काय देताय ते बघा. दुरून दिलेला शह तो मध्ये प्यादं टाकून अडवतो, त्यामुळे हत्तीचा भाव इथे बराच उतरतो. घोड्याचा शह अडवता येत नाही. तुमचा राजा कोंडलेला असताना घोडा देऊन हत्ती घेणं बहुतेक वेळा महागात पडतं.

एक नमुना पटावर लावून बघाच. काळा राजा जी८, हत्ती एफ८, एफ७-जी७-एच७ वर प्यादी. तुमचा उंट बी२ वरून जी७ वर रोखलेला, मधली घरं मोकळी, खिशात घोडा आणि वजीर. घोडा एच६ वर टाका, शह! प्याद्याने मारला तर वजीर जी७ वर, मात. राजा एच८ ला सरकला तर वजीर जी८ वर टाका. हत्तीला तो मारावाच लागतो, मग घोडा एफ७ चं प्यादं मारतो आणि मात. (जी७, एफ७ राखायला दुसरं कुणी नाही असं धरलंय.) काय सुंदर आहे हे!

आणि हो, प्याद्याला बढती मिळून झालेला वजीर मारला गेला तर समोरच्याला फक्त प्यादं मिळतं. तो बिनधास्त झोकून द्या. सुरुवातीला घड्याळ मोठं ठेवा.