मैत्रिणीसोबतची पहिली हाफ मॅरेथॉन

‘माझ्याच्याने नाही होणार’ असं तू काल तिसऱ्यांदा म्हणालीस. मीही म्हणायचे गं. २१.१ किलोमीटरचा हिशोब सध्या सोड. सकाळी सहाला मैत्रिणीला तळजाईच्या टेकडीवर बोलव आणि गप्पा मारत पळ. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर. नुसत्या ‘हं, हं’वर आलीस की चालायला लाग. मी पहिली शर्यत आठ मिनिटं पळून दोन मिनिटं चालतच पुरी केली. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, पण रविवारचं लांब पळणं बुडवायचं नाही. (मिसळ नंतर. आधी खाल्ली तर काय होतं, ते मला विचार.)

शर्यतीच्या दिवशी पहिले दोन किलोमीटर फसवे. ढोल वाजत असतो, सगळे सुसाट सुटतात, आपले पायही ओढले जातात. तिथे मैत्रिणीचा हात धर आणि मागे राहा. दोघींपैकी जी हळू, तिचा वेग, हे घरूनच ठरवून निघा. कोरे बूट त्या दिवशी घालू नकोस. माझी दोन नखं काळी पडली होती.

सोळाव्या किलोमीटरनंतर डोकं कुरकुरायला लागतं, पायांच्याही आधी. तेव्हा मैत्रिणीला सासूचा विषय काढून दे. उरलेले पाच कसे सरले, कळणारही नाही.