स्वस्त आयात माशांपुढे टिकायला मत्स्यशेतकऱ्यांना आधी काय शिकवावं?
आधी खाद्य-व्यवस्थापन शिकवा. विक्रीचं आणि कर्जाचं नंतर. तळ्यात खाद्य देऊन वाढवलेल्या माशाच्या खर्चात साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा खाद्याचाच असतो, त्यामुळे गोठवलेल्या आयात मालाशी भावाची लढत तिथेच ठरते. किलोभर वाढीला 2 किलोऐवजी दीड किलो खाद्य लागलं, तर खाद्यखर्च चौथाईने उतरतो. त्यासाठी दर 15 दिवसांनी पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकून थोडे मासे काढायचे, सरासरी वजन घ्यायचं आणि त्यावर रोजचा खुराक बेतायचा. अंदाजपंचे टाकलेलं जादा खाद्य तळाशी कुजतं, पहाटे प्राणवायू घसरतो, मासे पृष्ठभागावर तोंड उघडत येतात. (तेव्हा सकाळचा खुराक बंदच ठेवायचा.) मात्र खाद्यच महाग मिळत असेल, तर नुसतं प्रशिक्षण पुरत नाही, गट करून घाऊक खरेदी करावी लागते.