नावं आली, एक्स-रे कुठे गेले?

प्रश्न : ताई, मिरजेतल्या एका एक्स-रे सेंटरचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. रोज रात्री पेशंटच्या टेबलाचा डंप, म्हणजे बॅकअपची फाइल, घेतो. नव्या मशीनवर तो रिस्टोर केला तर नावं, तारखा सगळं आलं, पण एकही एक्स-रे उघडत नाही. ‘लार्ज ऑब्जेक्ट डज नॉट एक्झिस्ट’ असं येतं. डंप बिघडलाय का?

उत्तर : डंप धड आहे, पण त्यात एक्स-रे कधी गेलेच नव्हते. म्हणून आधी सांगते, जुनं मशीन अजिबात फॉरमॅट करू नका. खरी चित्रं फक्त तिथेच आहेत.

तुमच्या टेबलात चित्राचा नुसता नंबर असतो, ओआयडी. खरं चित्र, म्हणजेच ‘लार्ज ऑब्जेक्ट’, तुकडे करून पीजी_लार्जऑब्जेक्ट या सिस्टिम टेबलात ठेवलेलं असतं. डंप घेणाऱ्या पीजी_डंप या प्रोग्रामला ‘-टी’ (छोटा टी) लावून एकच टेबल मागितलं, की ते लार्ज ऑब्जेक्ट वगळतं, आणि तक्रारही करत नाही. सोबत ‘-बी’ (छोटा बी) दिलं तर ते येतात, तेही त्या टेबलापुरते नाही, तर त्या डेटाबेसमधले सगळेच. त्यापेक्षा पूर्ण डेटाबेसचाच डंप पीजी_डंपच्या ‘कस्टम’ फॉरमॅटमध्ये घ्या. त्यात ते आपोआप येतात. रिस्टोर रिकाम्या डेटाबेसमध्ये करा, म्हणजे जुने नंबर तसेच बसतील.

डंप फुगला म्हणून व्हॅक्यूमएलओ हा साफसफाईचा प्रोग्राम चालवायचा मोह होईल. पेशंटची ओळ पुसली तरी चित्र मागे राहतं, अशी बेवारस चित्रं ते काढतं, हे खरं. पण ते फक्त ओआयडी आणि एलओ प्रकारचे कॉलम तपासतं. तुमच्या प्रोग्रामरनं नंबर साध्या इंटिजर (पूर्णांक) प्रकारच्या कॉलममध्ये ठेवला असेल, तर चालू पेशंटचे एक्स-रेही बेवारस ठरून पुसले जातील. आधी कॉलमचा प्रकार बघा, मग व्हॅक्यूमएलओला ‘-एन’ (छोटा एन) लावून, काही न पुसता, काय पुसलं जाईल ते पाहा. मिरजेत कर्नाटकातूनही पेशंट येतात. मागचा एक्स-रे नसेल तर डॉक्टर तुलना कशाशी करणार?

आणि डंप सेंटरच्या इमारतीत ठेवू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत हरभट रोडपर्यंत आलं, तेव्हा तळमजल्यावरचा सर्व्हर आणि शेजारची बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात गेलेली मी पाहिली आहे. एक प्रत गावाबाहेर ठेवा, आणि दर महिन्याला ती रिस्टोर करून जुना-नवा एक-एक एक्स-रे उघडून बघा.